तिसरी जागा

“खाली जाळ नाय, आत शेगडी नाय, मंग ह्यो तापतो कशानं?”

भुवडमामांनी मला हे विचारलं तेव्हा नोकरीला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. गमबूट बाहेर काढून ते प्रयोगशाळेच्या दारात अनवाणी उभे होते. हातातली नमुन्याची बाटली गरम होती, म्हणून तिच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं. मी बाटली घेतली, चिठ्ठी लावली आणि कामाला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर मामा अजून तिथेच.

मला वाटलं, थट्टा चालली आहे. नव्या केमिस्टची, त्यातून बाईची, कारखान्यात थोडी परीक्षा घेतातच. पण मामांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. एकवीस वर्षं ते ऑपरेटर म्हणून कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरवर होते. एकवीस वर्षं एक गार द्रव दुसऱ्या गार द्रवात सोडत होते आणि मिश्रण आपसूक तापताना बघत होते. हाच प्रश्न त्यांनी माझ्याआधीच्या चार केमिस्टना विचारला होता. चौघांनीही, रिअ‍ॅक्शनची उष्णता असते ती, असं म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं.

“उष्णता हाय ते मला बी कळतंय,” मामा म्हणाले. “हात पोळतो ना. पण ती येते कुठनं?”

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरात एम.एस्सी. करून मी घाटाखालच्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागले होते. साठ-सत्तर माणसांचा लहान कारखाना. रंगाच्या कंपन्यांना लागणारा एक पिवळट कच्चा माल आम्ही बनवायचो. त्यासाठी दोन हजार लिटरचं दुहेरी भिंतीचं एक भांडं होतं, तोच मामांचा रिअ‍ॅक्टर. आत तेलासारखा एक द्रव भरायचा, वरून सहा तास बारीक धारेने ॲसिडचं मिश्रण सोडायचं आणि आत फिरणाऱ्या पात्याने ते सारखं ढवळत ठेवायचं. दोन भिंतींमधल्या पोकळीतून गार पाणी खेळवायचं, म्हणजे तापमान पंचेचाळीसच्या वर जात नसे. गरज पडली तर त्याच पोकळीतून वाफही सोडता यायची.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही उत्तर देता आलं नाही. उष्मागतिकीच्या पेपरात मी विद्यापीठात दुसरी आले होते. समीकरणं झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण समोर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला सांगण्याजोगं एक वाक्य माझ्यापाशी नव्हतं. उद्या जेवणाच्या सुट्टीत या, असं मी त्यांना सांगितलं आणि रात्री खोलीवर जाऊन जुनी वही काढून बसले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या माळ्याकडून मूठभर युरिया आणला, रंगकामाच्या खोलीतून कळीचा चुना आणला, आणि दोन चंचुपात्रांत पाणी घेऊन एकात युरिया टाकला, दुसऱ्यात चुना. मामांना बाहेरून हात लावायला सांगितला. एक पात्र गार पडत गेलं, दुसरं हात लावू देईना. दोन्ही गोष्टी त्यांच्या माहितीतल्या होत्या. भातशेतीत युरिया कालवताना बादली गार पडते आणि घराला सफेती करताना चुन्याचं पिंप खदखदतं, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की प्रत्येक पदार्थाचे बारीक कण एकमेकांना धरून असतात. त्यांची पकड सोडवायला ऊर्जा घालावी लागते आणि नवी पकड बसली की ऊर्जा बाहेर पडते. युरियात घालावी जास्त लागते, म्हणून तो पाण्यातली ऊब ओढून घेतो. चुन्यात बाहेर जास्त पडते. तुमचा रिअ‍ॅक्टर चुन्याच्या जातीचा.

मामांनी दोन्ही पात्रांना पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

“म्हंजे ती तेलात नि ॲसिडात आधीपासूनच असते. दिसत नाय एवढंच.”

“उष्णता म्हणून नसते. पण ऊर्जा असते, हो.”

“कोळशात जाळ दिसत नाय, तसं.”

मी म्हटलं, अगदी तसं. आणि मला एकदम फार बरं वाटलं.

त्यानंतर आमची शाळा सुरू झाली. आठवड्यातून दोन-तीन वेळा जेवणाच्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेमागच्या बदामाखाली बसायचो. मामांच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकट, माझ्या डब्यात खाणावळीच्या पोळ्या. मामा दहावी नापास होते, पण त्यांच्यासारखा विद्यार्थी मी पुढेही फारसा पाहिला नाही. सांगितलेलं ते तसंच ठेवून देत नसत. घरी नेत, उलटंपालटं करत, आणि दोन दिवसांनी त्याला कुठून तरी भोक पाडून परत आणत. लाकडात एवढी ऊर्जा असेल तर ते ढिगात पडल्या पडल्या का पेटत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना घाटाचं उदाहरण दिलं. गाडी माथ्यापर्यंत ढकलत न्यावी लागते. माथा ओलांडला की उतार, मग ती आपली आपण खाली येते. काडी लावणं म्हणजे माथ्यापर्यंत ढकलणं.

“आणि ब्रेक?”

“तुमच्या रिअ‍ॅक्टरला पाणी हाच ब्रेक.”

हे त्यांना फार आवडलं. पाळी बदलताना ते दुसऱ्या ऑपरेटरना ‘ब्रेक बघून ठेवा रे’ असं सांगू लागले. बाकीचे त्यांना मास्तर म्हणून चिडवायचे. मामांना त्याचं काही नव्हतं.

एक सवय मात्र त्यांची जुनी होती. भांड्याभोवती फिरून परत येणाऱ्या पाण्याचा जो नळ होता, त्यावर ते दर पंधरा मिनिटांनी तळहात ठेवत. पाणी कोमट आलं की समाधानाने मान हलवत. मी त्यांना तीन वाट्यांचा प्रयोग करून दाखवला होता. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, आणि मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम. हात फसवतो मामा, असं मी म्हटलं होतं, थर्मामीटर फसवत नाही. त्यांनी ते मानलं. तरी नळावर हात ठेवायचं काही सोडलं नाही. मी गंमत म्हणून एकदा त्यांना अंदाज विचारला आणि मोजून पाहिलं. दोन अंशांचाही फरक नव्हता. हे किती अवघड आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

ऊर्जा नाहीशी होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही, हा नियम मी त्यांना मार्चमध्ये सांगितला. त्यावर त्यांनी आठवडाभर मला सळो की पळो करून सोडलं. पंख्याची वीज कुठे जाते, खाल्लेल्या भाकरीचं काय होतं, हाक मारली तर तो आवाज शेवटी कुठे जातो. शेवटी मी रिअ‍ॅक्टरवर आले. म्हटलं, ॲसिड आत गेलं की उष्णता बाहेर पडते. ती एक तर भांड्यातला माल तापवेल, नाहीतर पाण्याबरोबर बाहेर जाईल. या दोनच जागा. तिसरी जागा नाही.

“तिसरी जागा नाय,” मामा म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजून गेले होते. मुंबईचा एक खरेदीदार माल पाहायला आला होता आणि खाली कार्यालयात बसला होता. कारखान्याचे व्यवस्थापक टिपणीस साहेब माझ्या मागे उभे राहून मालाच्या शुद्धतेचा आकडा कधी मिळतो याची वाट बघत होते. मी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते. चंबूतल्या द्रावणाला गुलाबी छटा यायच्या बेतात होती, आणि एक थेंब जास्त पडला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

मामा दारात आले. आज गमबूट काढले नव्हते.

त्यांनी सांगितलं की अकरा वाजता ॲसिड सोडायला घेतलं, निम्म्याच्या वर आत गेलं, पण तापमान अडतीसच्या वर चढत नाही. उलट अर्ध्या अंशाने उतरलंच आहे. परतीचं पाणी गार येतंय. म्हणून त्यांनी ॲसिड बंद केलं होतं आणि विचारायला आले होते.

साहेब म्हणाले, गार आहे ते चांगलंच की. मीही तेच म्हटलं. पाणी आज जोरात असेल, जास्त थंड झालं असेल.

“पाणी तर मी अर्ध्यावर ठेवलंय,” मामा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, निम्मं ॲसिड आत गेलं. मालात उष्णता नाय. पाण्यात उष्णता नाय. मंग ती गेली कुठं?”

मी ब्युरेटवरून नजर काढली नाही.

“मामा, आतला माल गार आहे म्हणून रिअ‍ॅक्शन मंद चालली असेल. ढवळणं चालू आहे ना?”

“मोटार फिरतेय. आवाज येतोय.”

“मग झालं. थोडी वाफ द्या. पंचेचाळीसला आणा, मग पुढचं ॲसिड सोडा.”

“वाफ देऊ?” त्यांनी विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले, “घातलेलं तसंच आत बसलं असंल तर?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मामा, मॅडम सांगतायत ना?”

चंबूत गुलाबी रंग आला आणि टिकला. मी तोटी बंद केली, आकडा वाचला, आणि मग मामांकडे बघून म्हटलं, “द्या.”

मामांनी मान डोलावली आणि गेले.

पुढे पंचवीस मिनिटं काही झालं नाही. मी आकडेमोड केली, सही केली. साहेब कागद घेऊन खाली गेले. मी काचसामान विसळत होते. मामांचं वाक्य डोक्यात कुठेतरी होतं, पण एखादी गोष्ट नंतर बघू म्हणून बाजूला ठेवतो तसं. माझ्या हातात एक मोजपात्र होतं. ते मी उपडं घातलं आणि तेव्हा मला कळलं.

गार आहे म्हणजे रिअ‍ॅक्शन आटोक्यात आहे असं नाही. गार आहे म्हणजे रिअ‍ॅक्शन झालेलीच नाही. ॲसिड जड, ते तळाशी बसलं असणार. तेल वर. मोटार फिरत असली तरी पातं फिरत असेलच असं नाही. चार तासांत घातलेलं सगळं आत तसंच आहे, आणि मी त्याला खालून ऊब द्यायला सांगितली आहे.

मी धावले. जिन्यावर असतानाच मामांचा आवाज ऐकू आला. ते आयुष्यात कधी ओरडल्याचं मी ऐकलं नव्हतं. कंत्राटी कामगारांपैकी दोघं तिथे पिंपं हलवत होते, त्यांना ते पळा म्हणून सांगत होते. ते दोघं माझ्या अंगावरून बाहेर गेले. मग भांड्यावरच्या नळीतून तांबूस धुराचा लोट निघाला, आणि त्या लोटात मला मामा दिसले. ते पळत नव्हते. वाफ त्यांनी बंद केली होती आणि भांड्यातला माल खालच्या पाण्याच्या हौदात सोडायची जी मोठी झडप होती, तिचं चाक ते दोन्ही हातांनी फिरवत होते. ते चाक नेहमीच जड जायचं. सहा-सात फेरे लागायचे.

त्यानंतरचा आवाज मला आठवत नाही. लोक म्हणतात, खाडीपलीकडे ऐकू गेला. मला आठवतं ते एवढंच की मी जिन्यात बसले होते आणि कुणीतरी माझ्या तोंडावर ओला टॉवेल धरला होता.

मामांना जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले. छातीपासून खाली सगळं भाजलेलं, हात कोपरापर्यंत बांधलेले. चेहरा मात्र जवळजवळ होता तसाच. उशाशी शेवंतीमामी बसल्या होत्या, त्यांची बायको. मी त्यांना त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, सत्यनारायणाच्या पूजेला. मला बघून त्या उठल्या, स्टूल मोकळं केलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मला वाटत होतं की मामा बोलणार नाहीत, किंवा बोलले तर वेगळंच काही बोलतील. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाले,

“मॅडम, बाहेर आलीच नव्हती ती.”

मी स्टूलवर बसले.

“मी रातभर विचार केला. तुमी म्हणाला, दोनच जागा. मालात, नायतर पाण्यात.” त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं. “पण आत बसून राहिली होती. ॲसिडात नि तेलात. युरियाच्या दिशी तुमीच म्हणालात ना, दिसत नाय पण असते. म्हंजे ती तिसरी जागा.”

“हो, मामा.”

“मंग मी बरोबर विचारत होतो.”

“तुम्ही बरोबर विचारत होता. वाफ द्या म्हणून मी सांगितलं, ते चुकलं.”

त्यांनी डोळे मिटले. ते रागावले होते की नाही हे मला समजलं नाही. आजही माहीत नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ते दोघं सुटले का. सुटले, असं मी सांगितलं. मग नर्स आली आणि तिने मला बाहेर जायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामा गेले.

चौकशी सुरू झाली. भांड्याचे अवशेष उपसले तेव्हा ढवळायचं पातं तळाशी सुटं पडलेलं सापडलं. त्याचा नट ॲसिडने खाल्ला होता. वर दांडा फिरत राहिला, मोटार वाजत राहिली, आणि आत काहीच ढवळलं जात नव्हतं. सरकारी निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी टिपणीस साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. रिअ‍ॅक्टरजवळ पत्र्याच्या फळीवर अडकवलेला, दर पंधरा मिनिटांचं तापमान लिहायचा तो तक्ता. स्फोटात फळी अंगणात उडाली होती आणि कागद एका कडेने जळून वाचला होता. मामांचं अक्षर मोठं आणि सुटं होतं. शेवटच्या ओळीच्या आधी त्यांनी लिहिलं होतं: तीन दहा. मॅडमना विचारलं. वाफ द्या म्हणाल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. दोन दिवस ते दवाखान्यात बसून होते, त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी मला सांगितलं की कारखान्याच्या लेखी नियमात स्पष्ट आहे, तापमान चढलं नाही तर ॲसिड थांबवायचं आणि वाफ द्यायची नाही. मी तो नियम वाचला होता का, असं त्यांनी विचारलं. मी वाचला होता. सही केली होती. तीन महिन्यांपूर्वी.

“हा कागद फायलीला लावायचा की नाही ते तू सांग,” ते म्हणाले. “लावला तर तुझं नाव येईल. माझंही येईल, मी तिथे उभा होतो. कारखाना बंद होईल, साठ घरं बसतील. भुवड काही परत येणार नाही.”

ते माझ्या उत्तरासाठी थांबले. बाहेर पोर्चमध्ये कुणीतरी बादली आपटली. मी त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खणात ठेवला. मी उठून बाहेर आले. मी नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब उत्तर मी त्या दिवशी दिलं.

निरीक्षकांनी मला सहा प्रश्न विचारले. पाच नमुन्यांबद्दल होते. सहावा होता, ऑपरेटरने वाफ देण्यापूर्वी कुणाला विचारलं होतं का. मी म्हटलं, मी टायट्रेशन करत होते, माझं लक्ष नव्हतं. शब्दाशब्दाने ते खरं होतं. अहवालात आलं की ऑपरेटरने लेखी नियम डावलून, कुणाचीही परवानगी न घेता वाफ दिली.

त्यानंतर सोळा दिवस मी कामावर जात होते आणि झोपत नव्हते. सतराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी एस.टी.ने मामांच्या वाडीला गेले. फाट्यावर उतरून अर्धा तास चालावं लागायचं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. आधी मामींना सांगायचं, मग त्यांना घेऊन निरीक्षकांकडे जायचं, सगळं लिहून द्यायचं. साहेबांचं काय व्हायचं ते होवो. माझं व्हायचं ते होवो.

शेवंतीमामी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. दोन मुली आतून डोकावल्या आणि परत आत गेल्या. धाकटी मामांच्या तोंडवळ्याची होती. मामींनी पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मामांनी काय विचारलं, मी काय म्हटलं, माझं लक्ष कुठे होतं, कागदावर काय लिहिलं होतं, मी निरीक्षकांना काय सांगितलं.

त्यांचे हात सुपात चालूच होते. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “मला ठावं हाय.”

“काय?”

“दवाखान्यात तुमी बोलत होता तवा मी उभी होते ना तिथं. जागांचं काय ते मला कळलं नाय. वाफेचं कळलं.”

मी म्हटलं की मग आपण दोघी उद्याच जाऊ. मी लेखी देईन. अहवाल बदलून घेऊ. मामांच्या नावावर जे आलंय ते पुसून काढू.

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. “मी सही केलीय, मॅडम.”

मला समजेना. त्यांनी सांगितलं की गेल्या मंगळवारी साहेबांनी गाडी पाठवली होती. अहवाल वाचून दाखवला. तो आपल्याला मान्य आहे, पुढे कुठे दाद मागणार नाही, असा कागद होता. त्यावर सही केली तर कारखान्याच्या उपाहारगृहात कायमची नोकरी. केली.

“त्यात लिहिलंय की मामांनी चूक केली,” मी म्हटलं.

“वाचला मी. चौथी शिकलेय.” त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. “थोरली आता बारावीला जाईल. धाकटी आठवीत हाय. तुमी आता जाऊन खरं सांगाल. मंग साहेब जातील, कारखाना बंद पडंल, तुमी बी जाल. माझ्या हातात काय ऱ्हाईल, ह्यांचं चांगलं नाव?”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. समजूत घातली नाही, आणि रागाने उठूनही गेल्या नाहीत. तांदूळ निवडून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं.

“मी सही करायच्या आधी आला असता तर वेगळी गोष्ट व्हती,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला सांगू नका. एवढं करा माझ्यासाठी.”

मी ते केलं. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले, काही वर्षांनी वारले. कारखाना दुसऱ्याने विकत घेतला, मग तोही बंद पडला. मी घाटावर परत आले, कॉलेजात शिकवू लागले, आणि आता तिथूनही निवृत्त झाले. हे मी आज लिहितेय, कारण गेल्या महिन्यात शेवंतीमामी गेल्याचं त्यांच्या थोरलीने पत्राने कळवलं. पत्र दोन ओळींचं होतं.

पण मी लगेच कारखाना सोडला नव्हता. त्यानंतर चौदा महिने तिथेच होते. जायला दुसरी जागा नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

त्याच वर्षी जूनच्या दोन तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेचं दार उघडलं. शेवंतीमामी होत्या. अंगावर उपाहारगृहाचा निळा झगा, तो खांद्यांवर मोठा होत होता. हातात ट्रे, त्यात चहाचे चार पेले. त्यांनी एकेक पेला टेबलांवर ठेवला. माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. ट्रे त्यांच्या हातातून घ्यावा असं वाटलं आणि मी हात पुढेही केला.

त्यांनी ट्रे मागे घेतला. शेजारच्या टेबलावरचे दोघं आमच्याकडे बघत होते.

“बसा मॅडम,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला इथं काम करायचंय.”

मी बसले.